भाताचे विषाणुरोग व ते पसरविणारे तुडतुडे

लावणी आटोपून भाताने मूळ धरले आणि शेतकऱ्याच्या जिवाला थोडी उसंत मिळाली, की ग्रामसेवकाकडे एक तक्रार हमखास येते. "भात पिवळे पडले आहे, काय घालावे?" प्रश्न विचारणारा "का पिवळे पडले?" असे क्वचितच विचारतो. त्यामुळे उत्तर देणाराही कारणाच्या खोलात न शिरता युरियाची एखादी मात्रा सांगून मोकळा होतो. शंभरांतील बहुतेक वेळा हे उत्तर चुकत नाही, आणि म्हणूनच ते एखादे वेळी चुकते तेव्हा फार महाग पडते. कारण पिवळेपणाचा एक प्रकार असा आहे की, ज्यावर कोणतेही खत लागू पडत नाही. उलट नत्राने रोप अधिक लुसलुशीत होते व ज्या किडीने हा पिवळेपणा आणला तिलाच ते अधिक मानवते. हा प्रकार म्हणजे विषाणुरोग होय. या लेखात भाताचे विषाणुरोग, ते पसरविणारे तुडतुडे आणि बांधावर उभे राहून दोहोंची ओळख कशी पटवावी, याचा विचार केला आहे.

करपा किंवा कडा करपा यांची आपल्याला चांगली ओळख आहे. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर व खाचरातील पाण्याबरोबर पसरतात. भाताच्या विषाणूंची गोष्ट वेगळी आहे. विषाणू हा साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा, जिवंत पेशीबाहेर वाढू न शकणारा कण असून तो स्वतः पांगळा असतो. या लेखात ज्या रोगांचा विचार केला आहे ते वाऱ्याने पसरत नाहीत, पाण्याने पसरत नाहीत आणि बियाण्यातूनही येत नाहीत. एका रोपातून दुसऱ्या रोपात जाण्यासाठी विषाणूला वाहन लागते, आणि ते वाहन म्हणजे रस शोषणारा कीटक. यास्तव या रोगांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः त्या कीटकाच्या सवयींचा अभ्यास होय. तो कोठे बसतो, केव्हा उडतो, किती दिवस जगतो व उन्हाळ्यात कोठे राहतो हे ज्याला कळले, त्याला रोगाचा निम्मा इलाज कळला.

एका शेतकऱ्याचा शोध

वनस्पतींचा विषाणुरोग कीटकामुळे पसरतो ही गोष्ट जगात प्रथम भातावरच उघडकीस आली, आणि तिची पहिली खूण एका शेतकऱ्याला पटली, हे आमच्या वाचकांना सांगण्यासारखे आहे. जपानमध्ये शिगा प्रांतात भाताला खुजा रोग होत असे. रोपे बुटकी राहत, पानांवर बारीक पांढरे ठिपके ओळीने उमटत आणि लोंबी नीट निसवत नसे. 1883-84 च्या सुमारास तेथील हाशिमोतो नावाच्या भातउत्पादकाने हा रोग व तुडतुडे यांचा संबंध असल्याचे ताडले व तसे प्रयोगही केले. 1895 साली ताकाता यांनी हा संबंध छापून प्रसिद्ध केला. प्रथम असा समज झाला की, तुडतुड्याच्या तोंडातच काही विष असून त्यामुळे रोप खुजे होते. परंतु काही ठिकाणचे तुडतुडे सोडूनही रोप निरोगीच राहते, असे दिसून आले. तेच तुडतुडे आधी रोगट रोपावर बसवून मग निरोगी रोपावर सोडले असता मात्र रोग होतो, हे पुढील काही वर्षांत लक्षात आले. अर्थात कीटक हा गुन्हेगार नसून गुन्हेगाराला पाठीवरून नेणारा होता. 1933 साली फुकुशी यांनी याहूनही आश्चर्याची गोष्ट सिद्ध केली. या रोगाचा विषाणू मादीच्या अंड्यातून तिच्या पिल्लांत उतरतो, म्हणजे रोगट रोप कधीही न पाहिलेले पिल्लूसुद्धा रोग देऊ शकते.

सुदैवाने आपल्या देशातील मुख्य विषाणुरोगाची, म्हणजे तुंग्रोची, रीत अशी नाही. परंतु या दोन रीतींतील फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण नियंत्रणाचे सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत.

तुडतुडे सारे एक नव्हेत

आपण बोलण्यात सर्वांनाच तुडतुडे म्हणतो, आणि येथेच पहिली गफलत होते. भातावर दोन घराण्यांतील तुडतुडे येतात. एक घराणे पानांवर राहणारे. हिरवे तुडतुडे व पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा असणारे तुडतुडे या घराण्यातील आहेत. दुसरे घराणे बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत राहणारे. तपकिरी तुडतुडे व पांढऱ्या पाठीचे तुडतुडे हे त्यातले. म्हणून बांधावर उभे राहून केवळ पानांकडे पाहणाऱ्यास तपकिरी तुडतुडे दिसणार नाहीत. त्यासाठी चूड दोन्ही हातांनी दुभागून बुंध्याकडे वाकून पाहावे लागते. भंडारा, गोंदिया व गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत बांधीच्या मधोमध धान गोलाकार वाळू लागल्यावरच या किडीची जाग येते, त्याचे कारण हेच.

हिरवा तुडतुडा सुमारे 3 ते 5 मिलिमीटर लांब, पाचरीच्या आकाराचा व पोपटी रंगाचा असतो. नराच्या पंखांच्या मध्यावर बहुधा काळा ठिपका व टोकाला काळा पट्टा असतो. मादीचे पंख साधारणतः फिकट टोकाचे असतात. पानाला धक्का लागताच तो खेकड्याप्रमाणे तिरका चालून पानाच्या मागील बाजूस दडतो किंवा टुणकन उडी मारतो. मादी पर्णकोषाच्या आत एका ओळीत अंडी घालते. सहा-सात दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि पाच वेळा कात टाकून सुमारे अडीच आठवड्यांत ती पंख फुटलेली प्रौढ होतात. म्हणजे भाताच्या एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होतात.

या कीटकास दिव्याचे विलक्षण वेड आहे. पावसाळा सरता सरता, विशेषतः अंधाऱ्या पक्षात, दिव्याभोवती जे बारीक हिरवे किडे जमून जेवणाच्या ताटात पडतात, त्यांत हेच असतात. बंगालमध्ये कालीपूजेच्या सुमारास ते इतके येतात की, त्यांना तेथे 'श्यामा पोका' म्हणजे श्यामा देवीचे किडे असे नावच पडले आहे. घरातील माणसे त्यांना उपद्रव समजून झाडून टाकतात. ग्रामसेवकाने मात्र त्यांच्याकडे खबर म्हणून पाहावे. दिव्याखाली दररोज साधारण किती पडतात याची महिनाभर ठेवलेली टिपणवही ही खाचरात उतरण्यापूर्वीच किडीचा चढ-उतार सांगते.

तुंग्रो

तुंग्रो हा शब्द फिलिपाईन्समधील एका बोलीतला असून त्याचा अर्थ खुरटलेली वाढ असा आहे. तेथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर 1963 साली हा रोग लक्षात आला आणि तो हिरव्या तुडतुड्यांमुळे पसरतो हे 1965 साली रिव्हेरा व ओऊ यांनी प्रसिद्ध केले. रोग मात्र नवा नव्हता. इंडोनेशियात 'मेन्तेक' या नावाने 1859 पासून नोंदलेला विकार व मलायातील 'पेन्याकित मेराह' म्हणजे लाल रोग हे याचेच अवतार असावेत, असे नंतर ठरले. भारतात 1969 साली पूर्व उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल या भागांत त्याची मोठी साथ आली. त्या वेळी तायचुंग नेटिव्ह-1 सारख्या बुटक्या, भरपूर खत पचविणाऱ्या जाती नुकत्याच पसरू लागल्या होत्या व त्या या रोगास सहज बळी पडणाऱ्या होत्या. पुढे तामिळनाडू व आंध्र प्रदेश येथेही या रोगाने वेळोवेळी डोके वर काढले आहे. महाराष्ट्रात हिरवे तुडतुडे सर्व भातपट्ट्यांत आढळतात. वाहन दारात उभे आहे, तेव्हा स्वार केव्हाही येऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

तुंग्रो हा एका विषाणूचा रोग नसून दोहोंच्या भागीदारीचा आहे. एक विषाणू गोल व दुसरा दंडाकृती आहे. पिवळेपणा व खुरटेपणा ही ठळक लक्षणे मुख्यतः दंडाकृती विषाणूमुळे होतात, परंतु तो एकटा तुडतुड्यावर स्वार होऊ शकत नाही. गोल विषाणूचे साहाय्य असेल तरच तुडतुडा त्याला नेऊ शकतो. उलट गोल विषाणू एकटा प्रवास करू शकतो, पण एकटा असताना तो रोपात जवळजवळ काहीच लक्षण दाखवीत नाही. म्हणजे एक चोर आंधळा व दुसरा मुका, अशी ही जोडी आहे. दोघे एकत्र आले की घर फुटते. यावरून ग्रामसेवकाने घ्यावयाची गोष्ट ही की, हिरवेगार दिसणारे रोपसुद्धा आत गोल विषाणू बाळगून असू शकते, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबून 'रोग गेला' असे म्हणता येत नाही.

आता तुडतुडा हे काम कसे करतो ते पाहू. रोगट रोपावर सुमारे अर्धा तास, कधी त्याहूनही कमी वेळ, रस शोषताच तो रोगवाहक बनतो. दुसऱ्या रोपात रोग टोचण्यास त्याला काही मिनिटे पुरतात. मध्ये कोणताही विसावा लागत नाही. मात्र हा विषाणू तुडतुड्याच्या शरीरात वाढत नाही. तो तोंडाच्या अग्रभागात चिकटून राहतो, म्हणून चार-पाच दिवसांत त्याची रोग देण्याची शक्ती संपते. पिल्लाने कात टाकली की कातीबरोबर विषाणूही जातो. अंड्यातून तर तो मुळीच उतरत नाही. पुन्हा रोग पसरविण्यासाठी तुडतुड्यास पुन्हा रोगट रोपावरच बसावे लागते.

या परिच्छेदातील प्रत्येक वाक्याचा शेतीशी संबंध आहे. तुडतुड्यास टोचण्यास काही मिनिटेच लागतात, म्हणून शेजारच्या शेतातून उडून आलेला तुडतुडा फवारलेल्या पिकावर मरण्यापूर्वी आपले काम करून जातो. विषाणू त्याच्या अंगात चार-पाच दिवसच टिकतो, म्हणून आसपास रोगट भात नसेल तर तुडतुडे कितीही असोत, तुंग्रो होत नाही. म्हणजे रोगाचे खरे भांडार तुडतुड्यात नसून उभ्या रोगट भातात, कापणीनंतर खोडक्यांना फुटलेल्या धुमाऱ्यांत आणि बांधावर आपोआप उगवलेल्या रोपांत आहे.

ओळख कशी पटवावी

रोग टोचला गेल्यापासून सुमारे एक ते दोन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. पान टोकाकडून पिवळे होत खाली उतरते. जातीनुसार हा रंग पिवळा, नारिंगी किंवा तांबूस असतो व त्यावर कधी गंजासारखे ठिपके पडतात. रोप बुटके राहते, फुटवे कमी येतात, निसवण लांबते आणि लोंबी आखूड, अर्धवट बाहेर आलेली व पळंज दाण्यांची असते. कोवळ्या वयात रोग लागला तर नुकसान सर्वांत अधिक होते. पीक दोन महिन्यांचे झाल्यावर रोग लागला तर ते फारसे जाणवत नाही.

परंतु पिवळेपणाची इतर कारणे अनेक असल्याने खालील खुणा ताडून पाहाव्यात. नत्राची उणीव असेल तर सर्व खाचर सारखे फिकट दिसते, खालची जुनी पाने आधी पिवळी होतात व नत्र देताच आठवडाभरात हिरवेपणा परत येतो. जस्ताची उणीव असेल तर लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस तपकिरी डाग पडतात व रोप खुरटते. उत्तर भारतात याला खैरा म्हणतात आणि तो रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे 1966 साली पंतनगर येथे यशवंत नेने यांनी दाखवून दिले. त्यावर झिंक सल्फेट लागू पडते. कोकणातील जांभ्याच्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत लोहाच्या आधिक्यानेही पाने तांबूस होतात, पण तेथे रोपाची मुळे काळपट व तांबड्या थराची असतात. खोडकिड्याने मधला पोंगा वाळला असेल तर तो ओढताच हातात येतो.

तुंग्रोची खूण याहून निराळी आहे. निरोगी, हिरव्या, उंच चुडांच्या मधोमध एखादाच चूड पिवळा व बसका दिसतो. आठवड्याने पाहावे तो त्याच्या भोवतीचे आणखी काही चूड तसेच झालेले असतात. उणीव खाचरभर एकदम दिसते, रोग मात्र ठिपक्याठिपक्यांनी वाढत जातो. तेव्हा पहिल्या भेटीत शंका आल्यास पिवळ्या चुडांशेजारी काड्या रोवून ठेवाव्यात व सात दिवसांनी पुन्हा मोजावे. या साध्या उपायाने शेतकऱ्याचे खताचे कितीतरी पैसे वाचतात.

आणखी एक परीक्षा गावातही करता येते. तुंग्रो झालेल्या पानात पिष्ट साचून राहते. निरोगी पान दिवसा तयार केलेले पिष्ट रात्रीतून इतरत्र पाठवून देते. म्हणून पहाटे, सहाच्या आत, संशयित चुडाच्या पानांचा टोकाकडील 10 सेंटिमीटरचा भाग कापून घ्यावा व त्याच वेळी निरोगी चुडाचेही एक पान घ्यावे. 100 मिलिलिटर पाण्यात 6 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड व 2 ग्रॅम आयोडीन विरघळवून त्या द्रावणात पानांची कापलेली टोके पंधरा मिनिटे बुडवावीत, नंतर पाण्याने धुऊन पाहावे. रोगट पानावर गडद निळ्या रेघा उमटतात. जवळच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही द्रव्ये बहुधा मिळतात. सूर्य वर आल्यावर घेतलेल्या पानांची परीक्षा करू नये, कारण तेव्हा निरोगी पानातही पिष्ट असते आणि मग सर्वच भात रोगट ठरते! ही परीक्षा शंका बळकट करणारी आहे, शेवटचा निर्णय देणारी नव्हे.

बुंध्यावरील तुडतुडे व त्यांचे रोग

तपकिरी तुडतुडा रस शोषून धान जाळतो हे सर्वज्ञात आहे. तोच दोन विषाणुरोगही नेतो. एकात रोप बुटके होऊन त्याला गवताच्या झुपक्यासारखे असंख्य बारीक फुटवे येतात, दुसऱ्यात पानांच्या कडा फाटक्या व टोके पिळवटलेली दिसतात. येथे विषाणूची रीत तुंग्रोपेक्षा वेगळी आहे. विषाणू कीटकाच्या शरीरात वाढतो, त्यासाठी काही दिवस जावे लागतात, पण एकदा वाढला की कीटक मरेपर्यंत रोग देत राहतो. अंड्यातून मात्र हे दोन्ही विषाणू उतरत नाहीत.

गवती खुजा रोगाच्या बाबतीत आपल्या देशाने जगाला एक मोठी देणगी दिली आहे. 1970 नंतरच्या काळात या रोगाने आग्नेय आशियात नुकसान होऊ लागले, तेव्हा संशोधकांनी भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत पूर्व उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या जंगली भाताच्या एकाच नमुन्यात प्रतिकारशक्ती आढळली. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लागवडीच्या भातात आणली आणि 1974 मध्ये आयआर-28, आयआर-29 व आयआर-30 या जाती, तर 1976 मध्ये आयआर-36 ही जात बाहेर पडली. तळ्याकाठी व पाणथळ जागी उगवणाऱ्या, कुसळे असलेल्या, पिकण्यापूर्वीच दाणे गाळणाऱ्या जंगली भातास आपण तण म्हणून उपटतो. खाचरातून ते उपटलेच पाहिजे. परंतु तळ्याच्या काठाला ते असेल तर तेथे ते राहू द्यावे, असे आमचे मत आहे.

पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याकडे आतापर्यंत केवळ रसशोषक म्हणून पाहिले जाई. 2001 साली चीनच्या दक्षिण भागात त्याने पसरविलेला एक नवा खुजा रोग आढळला. 2022 च्या खरीपात पंजाब व हरियाणात लावलेल्या भातातील काही चूड अर्ध्या उंचीवर खुंटले. प्रथम जस्ताची उणीव, भेसळ बियाणे असे अनेक तर्क झाले. लुधियाना येथील पंजाब कृषि विद्यापीठाने तपास केला तेव्हा तो हाच विषाणू निघाला. लवकर लावणी केलेल्या शेतांत तो अधिक होता. हे उदाहरण मुद्दाम दिले आहे. ज्या प्रांतात हा रोग कधी ऐकिवात नव्हता तेथे तो एका हंगामात दिसला, आणि 'खत कमी पडले असेल' हेच तेथेही पहिले उत्तर होते.

अन्य खंडांतही अशाच जोड्या आहेत. दक्षिण व मध्य अमेरिकेत 'होजा ब्लांका' म्हणजे पांढरे पान हा रोग तुडतुड्यांच्याच एका जातीने येतो. आफ्रिकेत 1966 साली केनियात प्रथम नोंदलेला पिवळा ठिपके रोग मात्र पाने कुरतडणारे भुंगेरे पसरवितात.

उपाययोजना

एकदा रोप रोगट झाले की ते बरे करणारे औषध नाही. सर्व उपाय रोग टोचला जाण्यापूर्वीचे आहेत.

त्यांतील पहिला व आमच्या मते सर्वांत परिणामकारक उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही. शिवारातील सर्वांनी एकाच सुमारास लावणी करणे हा तो होय. एकाचे भात पोटरीत, दुसऱ्याचे फुटव्यात व तिसऱ्याचा तरवा अजून वाफ्यातच, अशी स्थिती असेल तर तुडतुड्यांना आणि विषाणूला एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यास पायऱ्याच मिळतात, आणि शेवटी लावणी करणाऱ्याच्या कोवळ्या पिकावर सारा भार येतो. बहुधा तो गरीब, उसनवारीच्या बैलांवर किंवा भाड्याच्या यंत्रावर अवलंबून असलेला शेतकरीच असतो. इंडोनेशियातील दक्षिण सुलावेसी प्रांतात 1972 पासूनच्या साथीनंतर लावणीचा काळ गावोगाव ठरवून देण्यात आला आणि तुडतुड्यांचा प्रतिकार करणाऱ्या निरनिराळ्या जाती आळीपाळीने लावण्यात आल्या. त्या योगे तेथील तुंग्रो आटोक्यात आला. आपल्याकडे कोरडवाहू भाताच्या भागात पावसामुळे लावणी आपोआपच एका सुमारास होते आणि मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत शेत रिकामे राहते, हे मोठेच संरक्षण आहे. परंतु तलाव व धरणांच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतले जाते तेथे, तसेच कोकणातील वायंगणी भाताच्या जागी, ही साखळी तुटत नाही. तेथे निदान दोन पिकांमध्ये महिनाभर तरी अंतर राहील, कापणी होताच खोडके नांगरून गाडली जातील आणि त्यांना फुटलेला कोंब उभा राहणार नाही, एवढे ग्रामसभेत बसून ठरविता येते. जनावरांना हिरवा चारा मिळतो म्हणून फुटवा राखण्याची रीत काही ठिकाणी आहे. साथीच्या भागात ती सोडावी.

रोपवाटिकेकडे दुसरे लक्ष द्यावे. कोकणातील तरवा असो वा विदर्भातील पऱ्हे, कोवळे रोप रोगास सर्वांत लवकर बळी पडते आणि वाफ्यात लागलेला रोग लावणीबरोबर सर्व खाचरांत हाताने पोचविला जातो. रस्त्यावरील विजेच्या दिव्याखाली किंवा गोठ्याच्या दिव्याजवळ वाफे टाकू नयेत. सकाळी वाफ्यावरून जाळी फिरवून तुडतुडे किती येतात ते पाहावे.

नत्र एकदम न देता हप्त्यांनी विभागून द्यावे. बांधावरील गवत काढावे, मात्र ते जाळून बांध उघडा करू नये. त्यात कोळी, चतुर व तुडतुड्यांची अंडी खाणारे लहान हिरवे मिरीड ढेकूण राहतात. एक कोळी दिवसभरात जे काम करतो त्याची मजुरी कोणी मागत नाही.

जातींच्या निवडीत एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. 'तुंग्रो प्रतिकारक' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक जाती वस्तुतः विषाणूचा नव्हे, तर तुडतुड्याचा प्रतिकार करतात. तीच जात वर्षानुवर्षे सर्वत्र लावली तर तुडतुडे तिला सरावतात व मग तिचे बळ ओसरते. हैदराबाद येथे निर्माण झालेली विक्रमार्य ही तुंग्रोस दाद न देणारी जात प्रसिद्ध आहे. आपल्या भागासाठी योग्य जात मात्र कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरूनच ठरवावी.

रोगट चूड उपटावेत काय, असा प्रश्न नेहमी येतो. खाचरात अगदी थोडे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके चूड असतील तर लवकर उपटून चिखलात खोल गाडावेत. पसरलेल्या रोगात हा उपाय व्यर्थ आहे, कारण लक्षणे न दिसलेले रोगट चूड तोवर भोवती असतातच, आणि उपटण्याच्या गडबडीत त्यांवरील तुडतुडे उडून चांगल्या रोपांवर बसतात.

औषधांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. तुडतुडे दिसताच फवारणी ही सवय सोडावी. प्रथम खाचरात तिरपे चालत जाऊन वीस चूड मोजावेत. हिरव्या तुडतुड्यांसाठी तुंग्रोग्रस्त भागात चुडास 2, अन्यत्र वाढीच्या काळात 5 व निसवणीच्या काळात 10 ही मर्यादा सांगितली जाते. त्याखाली संख्या असल्यास फवारणीचा खर्च करू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे भातात वापरल्यास शत्रुकीटकांचे शत्रू मरतात व तपकिरी तुडतुडे उलट वाढतात, असा अनुभव आहे. जुन्या पत्रिकांत व काही घरांतील जुन्या टिपणांत फॉस्फामिडॉन व फोरेट यांची नावे आढळतील. ही दोन्ही 2020 अखेरपासून देशात पूर्णपणे बंद झाली आहेत. डब्यावरील लेबलात भात व तुडतुडे या दोहोंचा उल्लेख असेल तेच औषध, सांगितलेल्या मात्रेतच वापरावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, ही गोष्ट भातउत्पादकांनीही विसरू नये. उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून किंवा उपाशीपोटी फवारू नये.

नमुना पाठविणे

शंका कायम राहिल्यास नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्राकडे पाठवावा. केवळ वाळलेली पाने पाठवू नयेत. त्यांवरून काहीच ठरविता येत नाही. नुकतीच लक्षणे दिसू लागलेले दोन-तीन चूड मुळांसह, मातीच्या गोळ्यासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळावेत व छिद्रे पाडलेल्या पिशवीत घालावेत. शेजारचा एक निरोगी चूड वेगळ्या पिशवीत द्यावा. तुडतुडे सापडल्यास ते लहान बाटलीत, मद्यार्कात बुडवून सोबत ठेवावेत. चिठ्ठीवर गाव, भाताची जात, पेरणी व लावणीची तारीख, दिलेली खते, पिवळेपणा प्रथम दिसल्याचा दिवस आणि रोवलेल्या काड्यांवरून सात दिवसांत रोगट चुडांची संख्या किती वाढली, हे लिहावे. नमुना त्याच दिवशी हातोहात पोचेल अशी व्यवस्था करावी, आणि उत्तर येईपर्यंत त्या खाचरास युरियाचा हप्ता देण्याचे थांबवावे.